प्रतिसाद: पुनर्शोध की फेरशोध?

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या जुन्या बारामोटेच्या विहिरीच्या फोटोखाली ‘रिडिस्कव्हरी’ या अर्थी ‘पुनर्शोध’ चालेल का, असा प्रश्न इथे एकाने विचारलाय. माझ्या मते नाही. पुनर्शोधाला आधी माहीत असणं, मग विसरलं जाणं आणि पुन्हा सापडणं, तिन्ही लागतं. ही विहीर लिंबकर कधी विसरले? तिथे ‘नव्याने ओळख’ म्हणा. मेंडेल या शास्त्रज्ञाच्या आनुवंशिकतेच्या नियमांना मात्र हा शब्द चपखल बसतो: निबंध १८६६ चा, दुर्लक्षित राहिला, १९०० मध्ये पुन्हा उजेडात आला.

खरी गोची ‘शोध’मध्येच आहे. चोराचा शोध घेतात, तो लागेलच असं नाही. म्हणून क्रियापद जपून वापरा. ‘फेरशोध घेतला’ म्हणजे पुन्हा धुंडाळलं. ‘पुनर्शोध लागला’ म्हणजे सापडलं. बोलताना ‘पुन्हा गवसलं’ सगळ्यात सुटसुटीत. ‘पुनराविष्कार’ वेगळा, त्यात नव्या रूपात प्रकट होणं येतं. जीर्णोद्धाराचा तर इथे संबंधच नाही.

लेखनाचं म्हणाल तर संस्कृत संधीप्रमाणे पुनर्जन्म, पुनर्विचार ठीक. पण ‘श’ कठोर, त्यामुळे ‘पुनःशोध’ हवं. ‘पुनर्शोध’ आता रुळलाय, मीही तोच लिहितो. फक्त एकाच लेखात दोन्ही नकोत.