सभागृहातला कार्यक्रम ४० वर्गांत थेट दाखवायचा आहे, मल्टिकास्ट मध्येच गोठतंय

लॅबसहायक:
नमस्कार मंडळी. कॉलेजचं नेटवर्क मी सांभाळतो. सभागृहातलं चित्रण ४० वर्गांतल्या पडद्यांवर पाठवायचंय. स्ट्रीम ६ एमबीपीएसचा. प्रत्येकाला वेगळी प्रत द्यायची तर सर्व्हरवर २४० एमबीपीएस, म्हणून मल्टिकास्ट लावलं, म्हणजे सर्व्हर एकच प्रत सोडतो आणि ती गटातल्या सगळ्यांना मिळते. आधी तो प्रत्येक पोर्टवर जायला लागला, ऑफिसचे प्रिंटरसुद्धा अडले. मग स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू केलं, म्हणजे मागेल त्याच पोर्टवर स्ट्रीम जाईल. आता चित्र छान सुरू होतं आणि चार-साडेचार मिनिटांत सगळे पडदे गोठतात. प्लेअर पुन्हा लावला की परत तेवढाच वेळ. नवे स्विच घ्यावे लागतील का? कार्यक्रम शुक्रवारी आहे.

केबलकाका:
स्विचवर एक रुपयाही घालू नका. तुमच्याकडे क्वेरियर, म्हणजे स्ट्रीम कुणाला हवाय हे अधूनमधून विचारणारा, नाहीये.
१९८९ च्या आरएफसी १११२ या मल्टिकास्टच्या मानक दस्तऐवजापासून मांडणी अशीच आहे: पाठवणाऱ्याला ऐकणारे कोण हे माहीत नसतं, ज्याला हवं त्याने गटात यायचं. स्नूपिंग करणारा स्विच ही मागणी नुसती ऐकून पोर्टची नोंद ठेवतो. ‘अजून कुणाला हवंय का?’ हे विचारायचं काम एरवी राउटरचं. ते नेहमीच्या सेटिंगला दर १२५ सेकंदांनी होतं. कुणी विचारलंच नाही तर प्लेअरही बोलत नाही, आणि २६० सेकंदांनी स्विच नोंद पुसतो. म्हणजे ४ मिनिटं २० सेकंद. तुमचं चित्र बरोबर तिथेच अडकतंय.
मुख्य स्विचवर त्या व्हीलॅनसाठी (स्विचमध्ये वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कसाठी) क्वेरियर चालू करा, त्याला आयपी द्या. वर्ग वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतील तर मात्र एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात मल्टिकास्ट नेणारा पिम प्रोटोकॉलही लागेल.
गटाचा पत्ता कोणता दिलाय?

लॅबसहायक:
२३९.०.०.१.

केबलकाका:
तो आधी बदला. आयपीचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून पॅकेट पाठवतो त्या पत्त्यात) उतरतात, त्यामुळे हा आणि सगळ्या यंत्रांसाठी राखीव असलेला २२४.०.०.१ एकाच मॅकवर येतात. तो मॅक बरेच स्विच सगळ्या पोर्टवर सोडतात. २३९.१०.२०.१ घ्या.

लॅबसहायक:
काका, दोन्ही केलं. ५० मिनिटं झाली, अखंड चालू आहे! खूप आभार. फक्त तीन खोल्या वाय-फायवर आहेत, तिथे चित्राचे चौकोन पडतात.

मेघना_नेट:
वाय-फायवर मल्टिकास्टला पोच मिळत नाही, हरवलेलं पॅकेट पुन्हा येत नाही, शिवाय ते मंद गतीने जातं. ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट (प्रत्येकाला वेगळी प्रत) करायची सोय असेल तर ती लावा. तीन खोल्यांचे १८ एमबीपीएस सहज पेलतील. मी मात्र केबलच ओढली असती.

लॅबसहायक:
सोय आहे, लावून बघतो. केबलसाठी उद्या सकाळीच शिडी मागवतो.