साउथएंडला सीगलच्या पायात केशरी कडी दिसली, कुठे कळवू?

दापोलीकर_एसेक्सवासी
मंडळी, शनिवारी इथे इंग्लंडात साउथएंडला पिअरजवळ चिप्स खात बसलो होतो. एका सीगलने पुड्यातली नेमकी मोठी चिप उचलली आणि माझ्यापासून दोन हात अंतरावर उभा राहून गिळली. तेव्हा पायातली केशरी कडी दिसली, वर काळी अक्षरं. बायको म्हणाली, "कोणाचा तरी पाळलेला दिसतोय." व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला: एफ, मग 8 किंवा बी, मग 3, शेवटी टी. पाठ गडद करडी, पाय पिवळेधमक. हर्णैला लिलावाच्या वेळी असेच घिरट्या घालतात. हा तिकडे जाऊन आलेला असेल का?

खाडीकाठचा
पाळलेला नाही हो! केशरी कडी, काळी अक्षरं आणि शेवटी टी म्हणजे नॉर्थ टेम्स गल ग्रुप या सीगलना कड्या घालणाऱ्या गटाचं काम. साउथएंडहून जवळच पिटसीची कचराभूमी आहे, तिथे ते कॅनन-नेटने, म्हणजे बार उडवून जाळं टाकून, कुरव (सीगल) पकडत आलेत. त्यांच्या वेबसाइटवर नोंद पाठवा.
वर्णनावरून हा लेसर ब्लॅक-बॅक्ड गल. थंडीत त्यांच्यातले बरेच स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्कोला जातात, काही इंग्लंडातच मुक्काम ठोकतात. हर्णैला येणारा हॉयग्लिन गल त्याचा चुलतभाऊ. तो रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रात वीण करून आपल्याकडे उतरतो. दिसायला सारखे, वाटा वेगळ्या.

पाणपक्षी_नाशिक
8 की बी हे अंदाजाने ठरवून पाठवू नका, हात जोडून सांगते. तुमचा एक अंदाज दुसऱ्याच पक्ष्याच्या खात्यावर चढतो. मी एकदा तसं करून बसले, आणि उत्तर आलं की हा पक्षी तर मेलेला सापडला होता! शंका असेल तर शंका म्हणूनच लिहा. कोड खालून वर वाचायचा. डावा-उजवा पाय पक्ष्याचा, आपल्या समोरचा नव्हे.

दापोलीकर_एसेक्सवासी
बाप रे, हा डावा-उजवा घोळ मी घातलाच होता. पण रंगीत कडी कशाला? भारतात धातूची असते ना?

खाडीकाठचा
धातूची इथेही असते, दुसऱ्या पायात बघा. आपल्याकडच्या कडीवर इंग्रजीत 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट हिस्ट सोसायटी' (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा) आणि नंबर. पण ती बारीक अक्षरं वाचायला पक्षी बहुधा हातात यावा लागतो, जिवंत किंवा मेलेला. रंगीत कडी चिप्स खाता खाता वाचता येते, म्हणून एकाच पक्ष्याच्या पुन्हा पुन्हा नोंदी मिळतात.

दापोलीकर_एसेक्सवासी
काल पुन्हा गेलो. एक पौंडाच्या चिप्स खास त्याच्यासाठी घेतल्या, पण दाखवल्या फक्त, दिल्या नाहीत (इथे खायला घालू नका अशी पाटी आहे). बाकावर चढून आला, ऊन बरोबर कडीवर. बी आहे. मधली आडवी रेघ डाव्या बाजूला सरळ दांडीला टेकलेली, 8 सारखी गोलाई नाही. उजव्या पायात धातूची कडीही दिसली. उजवा, त्याचा! आता नोंद पाठवतोय. शनिवारची आणि कालची, दोन्ही पाठवू की एकच?

पाणपक्षी_नाशिक
दोन्ही पाठवा. तो तिथे किती दिवस टिकला, हे त्यातूनच कळतं.