'एकूण' कुठं गेलं?

सी-304: सेक्रेटरीसाहेब, आपल्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या 42 पानी अहवालाचा तुमचा पाच ओळींचा सारांश वाचला. "सभेत 51 टक्के हो म्हणाले की झालं" हे कुठून आलं?

सेक्रेटरी: काकू, 42 पानं कुणी वाचत नाही, म्हणून रात्री बसून केलं. फुकटात.

सी-304: उपकार झाले. पण 4 जुलै 2019 च्या सरकारी जीआरमध्ये *एकूण* सभासदांच्या 51 टक्के आहे. आपण 60. कोरम, म्हणजे सभेला किमान हजेरी, दोन तृतीयांश, म्हणजे 40. तुमच्या हिशेबाने त्या 40 मधले 21 जण पुरतात, खरे लागतात 31!!

ए-102: मध्येच विचारतो, माफ करा. गच्चीवरची टाकी दिवाळीपासून धुतलेली नाही, पाण्याला वास येतोय, कधी धुणार?

बी-201 बाई: दहावीला सारांशलेखन शिकवताना जन्म गेला. मुलं हेच करतात. छान वाक्यं उचलतात आणि 'तरच', 'मात्र', 'एकूण' गाळतात. उतारा दोनदा वाचा, मिटून ठेवा, आपल्या शब्दांत लिहा. उदाहरणं जाऊ द्या, विशेषणं जाऊ द्या. अट नाही जाऊ द्यायची.

डी-403: बाई, मला 6 पैकी 2 दिले होतेत 😄

बी-201 बाई: एक तृतीयांश सांगितलं होतं, तू तिप्पट लिहिलंस.

सेक्रेटरी: एक तृतीयांश म्हणजे 14 पानं. ती कोण वाचणार, तुम्ही?

बी-201 बाई: ते माप परीक्षेतल्या उताऱ्याचं. इथं लोकांना सही करायचीय. भाडं किती, कार्पेट एरिया किती, संमती कशी. एवढंच, पण अटींसकट. पुढे पान नंबर टाका, म्हणजे शंका आली तर उघडून बघता येतं.

सी-304: आणि "उत्तम ऑफर" हा शब्द अहवालात नाहीच!

सेक्रेटरी: ते माझं मत.

बी-201 बाई: मग खाली वेगळं लिहा, नावानिशी.

ए-102: टाकी कधी धुणार?

डी-403: एआयला द्या ना, 10 सेकंदांत होतं.

सेक्रेटरी: _हा मेसेज डिलीट केला आहे_

डी-403: वाचला मी 😂 "त्यानेच केलाय"

सी-304: रात्री बसून म्हणे 🙏

सेक्रेटरी: सुधारित: 60 पैकी किमान 40 हजर असतील तरच सभा. बिल्डर निवडायला एकूण 60 पैकी 31 जणांची लेखी संमती. आता खूश?

सी-304: पान नंबर?

ए-102: टाकी.

बी-201 बाई: याला म्हणतात सारांश.

सेक्रेटरी: रविवारी.

ए-102: कुठल्या?