घरच्यांनीच दगा दिला, तेव्हा देव कुठे भेटला?

हा धागा काढू की नको, यात दोन वर्षं गेली. सासर-माहेरचं कुणी वाचेल ही धास्ती. पण गेल्या आषाढात जे झालं ते सांगितल्यावाचून राहवेना. तुम्हीही लिहा. नावगाव नको.

वडील गेल्यावर भाऊ मला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत घेऊन गेला. "ताई, वारसनोंदीचं आहे, दहा मिनिटांचं काम." फोटो काढला, अंगठा टेकवला, बाहेर येऊन दोघांनी उसाचा रस प्यायला. पैसे त्यानंच दिले. तीन वर्षांनी मुलीच्या शिक्षणकर्जासाठी सातबारा काढला तर माझं नावच नाही. फेरफार काढला, त्यात हक्कसोड, म्हणजे मी माझा वाटा सोडला अशी नोंद. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे अडाणी म्हणून फसले नाही, बहीण म्हणून फसले.

दावा टाकला. राखी बंद, दिवाळी बंद. पूजा चालू होती, पण पांडुरंगाकडे मागणं एकच: त्याचं वाटोळं कर.

आमच्या लोणंदला माउलींची पालखी मुक्कामाला असते. त्या दिवशी आम्ही पिठलं-भाकरी वाढतो. वारीत वय, नातं, ओळख कुणी बघत नाही. समोर येईल त्याच्या पाया पडायचं, तोही आपल्या पडतो. गर्दीत एका बाईच्या पायाशी वाकले, तीही त्याच वेळी वाकली आणि कपाळावर कपाळ आपटलं. वर बघते तर वहिनी! चार वर्षांत तोंड पाहिलं नव्हतं. मी थिजलेच. ती कपाळ चोळत म्हणाली, "परत आपटा वन्सं, नाहीतर शिंगं येतील."

आपटलं. मग भाकरीच्या टोपलीआड बसून हसलो की रडलो, आठवत नाही.

यंदा राखी पोस्टानं पाठवली. दावा मागे घेतलेला नाही, पुढच्या महिन्यात तारीख आहे. पण तारखेच्या आदल्या रात्री आता झोप लागते आणि ते जुनं मागणं तोंडात येत नाही. हे पांडुरंगानंच केलं, माझी तेवढी ऐपत नव्हती.

* * *

मी नगरचा, आमचं घराणं चार पिढ्या ख्रिस्ती. चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिलो, तो गाव सोडून गेला, हप्ते माझ्या पगारातून कापले जाऊ लागले. सहा वर्षं. प्रभूच्या प्रार्थनेत ती ओळ येते ना, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे', तिथं माझं तोंड मिटायचं. ऋण म्हणजे इतरांना पाप वाटत असेल, मला बँकेचं पासबुकच दिसायचं! पाळकसाहेबांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "ती ओळ नको म्हणूस. पण रविवार चुकवू नकोस."

हप्ते फिटल्यावर ओळ सुटेल असं वाटलं होतं. पण ती सुटली अकरा हप्ते बाकी असताना, एका साध्याशा रविवारी. शेजारी बायकोनं चमकून बघितलं, तेव्हा मला कळलं की आपण म्हणालो. भाऊ अजून भेटलेला नाही.

* * *

मी माफ केलेलं नाही, चालेल ना इथं? वडिलांनी दुसरा संसार थाटला आणि आईच्या नावची ठेव मोडून तिकडे घर घेतलं. "जाऊ दे, बापच आहे तुझा" हे मलाच सांगतात सगळे. त्यांना जाऊन कुणी काही सांगितलेलं मी ऐकलं नाही. दिवा रोज लावते. देव मला नोकरीच्या रूपानं भेटला, एवढं नक्की.

* * *

वरच्या ताईंना: चालेल, का नाही चालणार! तुकोबांची गोष्ट आठवा. सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवली हे सगळे सांगतात. पण आधी निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली, हे सांगायचं राहून जातं. दुसऱ्याचं येणं त्यांनी सोडलं नाही. तुमच्या आईचं येणं तुम्ही कसं सोडणार?

* * *

मी दुसऱ्या बाजूचा. आईनं बहिणीसाठी ठेवलेल्या पाटल्या गहाण टाकल्या, सोडवल्या नाहीत, लिलावात गेल्या. घरी सांगितलं, चोरीला गेल्या. संशय कामाच्या मावशींवर आला, आईनं त्यांना काढलं. मी बघत बसलो. त्यानंतर सात वर्षं अंबाबाईच्या देवळात गेलो, पण मान वर करून तिचं तोंड बघितलं नाही.

आई गेल्यानंतरच्या भाऊबीजेला बहिणीला खरं सांगून टाकलं. ती ओवाळत होती. तबक मधेच थांबलं. निरांजनाची ज्योत माझ्या नाकासमोर आणि दोघंही गप्प. मग तबक पुन्हा फिरलं. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "दादा, त्या मावशी राहतात कुठं, ठाऊक आहे?"

शोधायला तीन आठवडे लागले. मावशी आता इचलकरंजीला लेकीकडे असतात. येत्या रविवारी आम्ही दोघं जातोय. काय बोलायचं ते माझं ठरलेलं नाही. बहिणीनं लुगडं आणून ठेवलंय, हिरव्या काठाचं.