पुढच्या बॉडीत ग्लोबल शटर हवंच का? आधी मे महिन्यातलं जळगाव बघा

तापीकाठ

काल या फोरमवर वरात_फ्लॅश यांनी लिहिलं की येत्या काळात जी वरची मिररलेस बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) येईल तिच्यात ग्लोबल शटर (ओळीओळीने न वाचता सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपणारं), सेकंदाला १२० फ्रेम आणि प्री-कॅप्चर (बटण दाबण्याआधीचे क्षणही साठवणं) या तीन गोष्टी नसतील तर तिला हात लावू नका, यांत्रिक शटर आता मेलं. पोरं हप्त्यावर बॉड्या घेतात. त्यांच्यापुढे असा अर्धवट सल्ला ठेवलेला मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फुल फ्रेममध्ये ग्लोबल शटर पहिल्यांदा आणलं सोनीने, ए९ मार्क ३ मध्ये, नोव्हेंबर २०२३ ला. २४.६ मेगापिक्सेल, १२० फ्रेम. पण प्रत्येक पिक्सेलला आपला चार्ज काही क्षण धरून ठेवायला वेगळी जागा लागते आणि ती जागा प्रकाश गोळा करणाऱ्या भागातूनच कापली जाते. पिक्सेलची घागर लहान झाली. म्हणून त्या बॉडीचा बेस आयएसओ (सेन्सरची मूळ संवेदनशीलता) १०० नाही, २५० आहे. दुपारी दीडच्या मुहूर्ताला मांडवात सावली, मागे पांढरं ऊन, अशा फोटोत नवरीचा चेहरा तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) वर ओढला की हा फरक डोळ्यांना दिसतो. गालाखालच्या सावलीत आधी हिरवट दाणे येतात, मग हळदीचा पिवळा रंग मळतो.

यांत्रिक शटर मेलं म्हणता, ते कोणी मारलं तेही बघा. निकॉन झेड९ मधून ते २०२१ लाच गेलं, आणि ग्लोबल शटर नसताना गेलं. तिचा स्टॅक्ड सेन्सर (पाठीला स्मृती जोडलेला, म्हणून भराभर वाचला जाणारा) वरून खालपर्यंत साधारण १/२७० सेकंदात वाचला जातो. यांत्रिक शटरच्या पात्यांनाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, मग पाती ठेवायची कशाला? पुढच्या बॉडीकडून मागायचंच असेल तर १/५०० चं वाचन, बेस आयएसओ ६४ आणि दोन्ही स्लॉट एकाच जातीच्या कार्डाचे मागा. १२० फ्रेमनी लग्नाचा अल्बम सुधारत नाही.

वरात_फ्लॅश

दादा, माझा मुद्दा फ्लॅशचा होता, तो तुम्ही सोडूनच दिलात. आकडेच मांडतो.

भर उन्हात आयएसओ १००, सिंक (फ्लॅशला जुळणारा सगळ्यात वेगवान शटर) १/२५० धरला तर लेन्सचं छिद्र एफ/१० इतकं लहान करावं लागतं. मागचा मांडव, खुर्च्या, केटररची गाडी, सगळं लख्ख दिसतं. मागचं धूसर करायला एफ/२.८ चं मोठं छिद्र हवं तर चार स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारी काळी काच) लावा. लावला की फ्लॅशचा उजेडही चार स्टॉप खातो, म्हणजे छिद्र २.८ असलं तरी फ्लॅशला एफ/११ चं बळ लावावं लागतं. २०० वॉट-सेकंदाचं फ्लॅश हेड छत्रीतून पूर्ण ताकदीवर. रीसायकल (पुन्हा चार्ज व्हायचा वेळ) लांबतो, दोन तासांत बॅटरी संपते, हेड तापून बंद पडतं. हाय स्पीड सिंक (फ्लॅश सलग लुकलुकवून वेगवान शटरला जुळवणं) करा म्हणाल तर तिथेही दोन स्टॉपच्या वर उजेड जातो.

ग्लोबल शटरला ए९ मार्क ३ वर १/८०००० पर्यंत सिंक आहे. सरळ १/३२००, एफ/२.८, एनडी नाही. फ्लॅशला २.८ चंच बळ लागतं, म्हणजे जिथे पूर्ण ताकद जात होती तिथे १/१६ पुरते. एका बॅटरीवर अख्खी वरात निघते. खान्देशातली निम्मी लग्नं मे महिन्याच्या उन्हात लागतात. हे काम स्टॅक्ड सेन्सर करू शकत नाही. दादा, तुम्ही हे माहीत असून बाजूला ठेवलंत, याचा मला राग आला.

तापीकाठ

बाजूला ठेवलं नाही. तुमच्याच हिशेबात एक चूक आहे. १/३२०० हा आकडा आयएसओ १०० चा. तुमच्या बॉडीचा बेस २५० आहे, त्यामुळे एफ/२.८ ला १/८००० लागेल. फ्लॅशचा झोत क्षणात विझत नाही. असलं हेड पूर्ण ताकदीवर १/२२० सेकंदाच्या आसपास जळतं. १/८००० ला त्यातला कापलेला तुकडाच सेन्सरवर येतो.

वरात_फ्लॅश

पूर्ण ताकदीवर कोण चालवतोय? आयएसओ २५० आला की फ्लॅशची गरजही सव्वा स्टॉपने उतरते. १/१६ वरून १/३२ च्या खाली. आयजीबीटी (झोत मध्येच तोडणाऱ्या) हेडला ताकद जितकी कमी तितका झोत आखूड. तो मावतो. कडेला थोडा कापला तर १/६४०० ला या आणि एफ/३.२ करा.

मात्र एक अडचण मान्य करतो, कारण लोक इथेच फसतात. रेडिओ ट्रिगरला (फ्लॅशला बिनतारी इशारा देणारं यंत्र) मिलिसेकंदाच्या अंशाचाही उशीर झाला तर १/८००० ला फ्रेम काळी येते. जुना ट्रिगर चालणार नाही. ट्रिगरमध्ये नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) घाला, आणि बॉडीत फ्लॅशची वेळ पुढेमागे करायची सेटिंग आहे ती एकेका पायरीने हलवून भिंतीवर तपासा. हे मांडवात करायचं काम नाही, आदल्या दिवशी घरी करायचं.

सातपुडा_पायवाट

लग्नाच्या पलीकडेही फोटोग्राफी आहे, भो.

प्री-कॅप्चरबद्दल वरात_फ्लॅश बरोबर आहेत, पण १२० फ्रेमबद्दल नाहीत. रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये शहाद्याच्या जंगलात तो पुन्हा सापडला, तोवर जग त्याला संपलेला समजत होतं. घुबड असून दिवसा शिकार करतो. सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसून राहतो आणि अचानक जमिनीवर झेपावतो. माणसाचं बोट पाव सेकंद उशिरा हलतं, तेवढ्यात फांदी रिकामी. इथे अर्धा सेकंद मागचं पकडणारं प्री-कॅप्चर पुरेसं आहे. कॅनन आर५ मार्क २ तेच करते, ३० फ्रेमच्या वेगाने मागच्या १५ रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम देते. निकॉन झेड८-झेड९ चं प्री-कॅप्चर जेपेगमध्येच अडकलंय, आणि सागाच्या उन्हासावलीत जेपेग म्हणजे पिसांचे पांढरे ठिपके गेले म्हणून समजा.

१२० फ्रेमला मागचा एक सेकंद धरला तर प्रत्येक खोट्या हालचालीला १२० फाइली. संध्याकाळी बसून निवडणार कोण?

आणि हात जोडून सांगतो, फांदीवरून उडावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. तो दुर्मीळ आहे, जोडी जागा सोडून जाते. प्री-कॅप्चर आहे ते वाट बघता यावी म्हणून.

भुसावळकर

तुम्ही सगळे सेन्सरवर भांडताय. बहुतेक वरच्या बॉड्यांचं माहितीपत्रक उघडा. वापरण्याचं तापमान: ४० अंशांपर्यंत. निकॉन, कॅनन, सोनी, बहुतेकांचं ४०. भुसावळ-जळगावात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो. लाखो रुपयांची वस्तू आपण वर्षातले दोन महिने कंपनीच्या हद्दीबाहेर वापरतो, आणि पुढच्या बॉडीकडून मागतो काय, तर १२० फ्रेम!

कारण साधं आहे. सेन्सर आणि प्रोसेसरची उष्णता बॉडीच्या सांगाड्यातून बाहेर हवेत जाते. ती किती वेगाने जाईल हे आत-बाहेरच्या फरकावर ठरतं. समजा ६० ला बॉडी स्वतःला बंद करते. बाहेर २५ असेल तर ३५ अंशांचा उतार आहे. बाहेर ४५ असेल तर १५. उष्णता निघायचा वेग निम्म्याहून खाली. वरून काळ्या बॉडीवर ऊन. मग ८के चं रेकॉर्डिंग जाहिरातीतल्या निम्म्या वेळातही थांबतं, आणि थांबतं नेमकं मंगलाष्टकांच्या वेळी.

मला पुढच्या बॉडीत ५० अंशांची लेखी हमी हवी. बाकी काही नको.

केळीच्या_बागेतून

भाऊ, हमी येईल तेव्हा येईल. तोवर करायच्या गोष्टी आहेत. स्क्रीन बॉडीपासून बोटभर उघडी ठेवा, मागची बाजू मोकळी राहते. तापल्यावर बंद होण्याची मर्यादा मेन्यूत 'हाय' करा. ओव्हरसॅम्पल केलेलं (जास्त पिक्सेल वाचून लहान केलेलं) ४के सोडून साधं, सेकंदाला २५ फ्रेमचं ४के घ्या, सेन्सरवरचा भार उतरतो. ट्रायपॉडला क्लॅम्पने पांढरी छत्री लावा. पिळून काढलेला ओला गमछा बॉडीच्या तळाला आणि डाव्या कुशीला गुंडाळा. मेमध्ये हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि बॉडी गार ठेवतं.

भुसावळकर

ताई, ओला गमछा नको! हॉट शूच्या (माथ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) खाली आता बारीक पिनांची रांग असते. एक थेंब गेला की माइक आणि ट्रिगर दोन्ही जातात. ज्या बॉडीला पंखा आहे तिच्या जाळीवर ओलं कापड म्हणजे सरळ आत पाणी. लोक हे वाचून करतील.

केळीच्या_बागेतून

तळाला आणि डाव्या कुशीला लिहिलंय, माथ्यावर लिहिलेलं नाही. माइकच्या बाजूचं रबरी झाकण घट्ट बसवा, हॉट शूला टोपी घाला, कापडातून थेंब गळत नाही ना ते हातावर बघा. पंख्याच्या बॉडीला करू नका, हे तुमचं मान्य.

उलट लोक जे चुकीचं करतात ते बर्फ. बॅटऱ्या आणि कार्डं बर्फाच्या डब्यात ठेवली तर बाहेर काढताच दव धरतं. बर्फाशिवाय थर्माकोलचा डबा पुरतो, सकाळच्या गारव्यात भरून ठेवायचा. तापलेल्या गाडीत चार्जर लावू नका. बॅटरी ४० च्या वर गेली की चार्जिंग थांबतं, दिवा लुकलुकतो, आणि लोक चार्जर बिघडला म्हणून नवा आणतात.

सातपुडा_पायवाट

उन्हाचाच विषय निघालाय तर हेही ऐका. हतनूर धरणाच्या पाण्यावर सकाळी दहानंतर ६०० मिलिमीटरने काढलेला पक्षी कोणत्याच बॉडीवर धारदार येत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते. त्या लहरींत ४५ मेगापिक्सेल काय आणि २४ काय, सारखंच. ऑटोफोकस बिघडलं म्हणून लोक लेन्स दुरुस्तीला पाठवतात. पाठवण्याआधी दोनशे मीटरऐवजी वीस मीटरवरची वस्तू काढून बघा. ती धारदार आली तर लेन्स ठीक आहे.

तापीकाठ

धागा शटरचा होता. गमछ्यावर वीस ओळी झाल्या.

भुसावळकर

कारण त्या वीस ओळी उद्या कामाला येतील. १/५०० चं वाचन कधी येईल माहीत नाही, ऊन दर वर्षी येतं. कॅननने आर५ मार्क २ साठी पंख्याची वेगळी ग्रिप काढली, म्हणजे उष्णतेचा त्रास खरा आहे हे त्यांनाही पटलंय. तो पंखा बॉडीसोबतच का नाही मिळत, हा प्रश्न मी शटरच्या आधी विचारणार.

तापीकाठ

ठीक आहे. ५० अंशांची मागणी माझ्या यादीत शटरच्या वर घालतो. पण स्लॉटचंही तिथेच येतं, कारण कार्डही तापतं. २० फ्रेमनी ४५ मेगापिक्सेल रॉ, फाइल सुमारे ५० एमबी, म्हणजे सेकंदाला १ जीबी. झेड८ आणि आर५ मार्क २ मध्ये एक स्लॉट सीएफएक्सप्रेस बी (वेगवान कार्ड), एक एसडी. दोन्हीकडे एकाच वेळी बॅकअप लावला की वेग एसडीचा. व्ही९० दर्जाचं एसडी कार्ड हमी देतं सेकंदाला ९० एमबीची. बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत धरणारी स्मृती) भरला की बॉडी गुदमरते, आणि लोक म्हणतात कॅमेरा हँग झाला. या दोन कंपन्यांत दोन्ही स्लॉट सीएफएक्सप्रेस बीचे हवेत तर निकॉन झेड९ किंवा कॅनन आर१ ला जावं लागतं. हे मुद्दाम केलेलं आहे आणि ते चूक आहे.

वरात_फ्लॅश

स्लॉटवर मी तुमच्या बाजूने आहे. आता एलईडी भिंतीवर बोला. स्टेजमागे सगळीकडे ती आली आहे. रोलिंग (ओळीओळीच्या) वाचनात तिचे आडवे पट्टे येतात, ग्लोबलमध्ये येत नाहीत.

तापीकाठ

पट्टे येत नाहीत, भिंतच अर्धी विझलेली येते. भिंतीचे सगळे दिवे एकाच वेळी पेटत नसतात, ओळींचे गट पाळीपाळीने पेटतात. ग्लोबल शटरला १/४००० वर त्या क्षणी पेटलेल्या ओळीच सापडतात. एका फ्रेममध्ये नवरानवरीची नावं आहेत, पुढच्यात नाहीत. १९२० हर्ट्झची (सेकंदाला तितक्या वेळा लुकलुकणारी) भिंत १/२७० च्या वाचनाला साधारण सात पट्टे देते, तेही वाईट. दोन्हीला औषध एकच: १/१०० किंवा १/५० वर या. आपली वीज ५० हर्ट्झची, दिव्यांची लुकलुक १०० ची, या दोन वेगांना तीही बसते. त्याहून वेग हवाच असेल तर बॉडीतलं बारीक, दशांशाच्या पायऱ्यांचं शटर भिंत स्क्रीनवर स्थिर दिसेपर्यंत फिरवा.

वरात_फ्लॅश

अर्धी विझलेली भिंत, हे खरं आहे. एलईडीचा दावा मागे घेतो. फ्लॅशचा घेत नाही.

तापीकाठ

फ्लॅशचा घेऊही नका. उन्हातल्या लग्नाला ग्लोबल शटरचा फायदा आहे, मी तो कमी लेखला. पण ज्याचं काम मांडवात आणि सभागृहात आहे त्याने बेस आयएसओ २५० विकत घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

केळीच्या_बागेतून

दुकानात उभं राहून वाचनाचा वेग कसा तपासायचा ते कोणीतरी लिहा. जाहिरातीत तो आकडा नसतो.

तापीकाठ

ताई, जुनी चोकवाली ट्यूब असलेली पांढरी भिंत शोधा. बॉडी आडवी धरा, इलेक्ट्रॉनिक शटर, १/२०००, पाचसहा फोटो. भिंतीवर आडवे गडद पट्टे येतील. ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून पट्ट्यांची संख्या भागिले १०० म्हणजे वाचनाचे सेकंद. सहा-सात पट्टे आले तर १/१५, तिथे इलेक्ट्रॉनिक शटरवर चालता माणूसही तिरका येईल. एक-दोन आले तर १/६० च्या आसपास. पूर्ण पट्टा एकही नाही, नुसता वरून खाली उजेड उतरत गेलाय, तर सेन्सर स्टॅक्डच्या तोडीचा आहे.

हेच सिंगलवर आणि कंटिन्युअसवर, दोन्हीवर काढा. काही बॉड्या कंटिन्युअसला १४ बिटवरून १२ वर (कमी छटांवर) उतरतात आणि तेव्हा वाचन वेगवान दिसतं. सावलीतला चेहरा वर ओढायचा असेल तर आकडा सिंगलचाच धरा.