मोजणी यंत्र करतं, मग केंद्राध्यक्षाने काय करायचं?

माळरानचा मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आतापर्यंत अकरा निवडणुकांची ड्युटी केली, त्यातल्या सात वेळा केंद्राध्यक्ष होतो. ईव्हीएम हॅक होतं की नाही, या वादात मला पडायचं नाही. माझं म्हणणं आमच्या कामाबद्दल आहे.

पहाटे साडेपाचला मतदान प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं मॉकपोल, म्हणजे तालमीचं मतदान. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून काळ्या पाकिटात. हिरवं पेपर सील, स्पेशल टॅग, स्ट्रिप सील, त्यावर प्रतिनिधींच्या सह्या. दिवस संपला की पुन्हा क्लोज, टोटल बघायची, मतांच्या हिशेबाचा नमुना १७ सी भरायचा, प्रतिनिधींना प्रती द्यायच्या. या सगळ्यात मला दिसतं ते किती लोकांनी मत दिलं एवढंच. मतदाराला चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. गावातला माणूस पारावर विचारतो, "गुरुजी, बरोबर गेलं ना?" मी सांगतो, सील शाबूत होतं. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, हे मला कळतं.

प्रत्येक केंद्राच्या चिठ्ठ्या मोजल्या पाहिजेत असं माझं मत आहे. २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ही मागणी फेटाळली. निकालाचा मान राखूनही सांगतो, मला तो पटलेला नाही.

निवृत्त लेखनिक
सर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण कागदाची मोजणी तुम्ही केलेली दिसत नाही. मी १९९१ आणि १९९६ ला मोजणीच्या टेबलावर होतो. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर. शिक्क्याऐवजी अंगठा. प्रत्येक संशयी मतपत्रिकेवर दोन्हीकडचे प्रतिनिधी हमरीतुमरीवर, आणि निर्णय अधिकाऱ्यांपुढे रांग. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी गेलो तेव्हा बोटं सुजली होती. २००४ ला लोकसभेच्या सगळ्या ५४३ जागा यंत्रावर झाल्या आणि टपाली मतं सोडली तर 'अवैध मत' हा प्रकारच संपला. गरिबाचं मत बाद होणं थांबलं, याची किंमत तुम्ही धरतच नाही.

यंत्र मिनिटाला चारच्या वर मतं घेत नाही. पूर्वी केंद्र ताब्यात घेऊन अर्ध्या तासात पेटी भरत, ते आता जमत नाही. आणि २०२४ च्या विधानसभेला राज्यात २८८ मतदारसंघांत सोडतीने प्रत्येकी पाच, म्हणजे १४४० व्हीव्हीपॅट मोजले. एकातही तफावत नसल्याचं प्रशासनाने जाहीर केलं. आणखी काय हवं?

माळरानचा मास्तर
काका, कागदाकडे परत जा असं मी म्हणतच नाही. यंत्र राहू दे, चिठ्ठ्याही मोजा. राज्यात केंद्रं लाखाच्या वर होती. त्यातली १४४० म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही.

सोल्डरिंग
टक्केवारीने दोघेही फसताय. एका मतदारसंघात ३०० केंद्रं धरा. १०० यंत्रांत गडबड असेल, तर पाचच्या सोडतीत त्यातलं एक तरी निघण्याची शक्यता ८५ टक्क्यांच्या वर आहे. पण गडबड फक्त पाच यंत्रांत असेल तर शक्यता जेमतेम ८ टक्के. पन्नास हजारांच्या फरकाला पाच केंद्रं ठीक आहेत. दोनशे मतांनी निकाल लागला तर पाच केंद्रं म्हणजे काहीच नाही. फरक कमी तेवढी पडताळणी जास्त, असा नियम हवा. सगळीकडे सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची गरज मला दिसत नाही.

मास्तर, एक गोष्ट तुमच्या मांडणीत आली नाही. पूर्वी यंत्राला उमेदवाराचं नावच माहीत नसे, फक्त बटणाचा क्रमांक. व्हीव्हीपॅट आलं आणि उमेदवार ठरल्यानंतर त्यात नावं-चिन्हं भरावी लागायला लागली. ते काम सिम्बॉल लोडिंग युनिटने होतं आणि करतात यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या देखरेखीत होतं हे खरं, पण देखरेख करणाऱ्याला समोर काय चाललंय हे किती कळतं? त्याच २०२४ च्या निकालाने ही युनिटं ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितलं, ते फार बरं झालं.

बीएलओताई
सगळं वाचलं. राग आला, खरं सांगते. चिठ्ठ्या मोजणार कोण? पुन्हा आम्हीच ना? आदल्या दिवशी साहित्य घेऊन निघायचं, रात्री शाळेच्या फरशीवर झोपायचं, दुसऱ्या रात्री बाराला साहित्य जमा करायला रांगेत उभं राहायचं. गेल्या वेळी आमच्या प्रशिक्षणाला मंगल कार्यालयात तीनशे जण आणि यंत्रं चार. मी यंत्राला हात लावला तो थेट केंद्रावर. मॉकपोल क्लिअर करायला विसरला तर नोटीस त्या केंद्राध्यक्षाला येते, यंत्राला येत नाही. आधी हात बसू द्या, मग जबाबदारी वाढवा.

आणि मतदारयादीबद्दल कुणीच का बोलत नाही? नाव नाही म्हणून परत जाणारी बाई माझ्या डोळ्यांसमोर जाते. तिच्या मताची चिठ्ठी कुठून निघणार?

हँबर्गकर
जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ ला तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, विशेष ज्ञान नसताना, तपासता आले पाहिजेत, असं कोर्ट म्हणालं. मास्तरांच्या पारावरच्या माणसाचाच हा प्रश्न. इथे संध्याकाळी सहाला मतदान संपलं की त्याच खोलीत मोजणी सुरू होते आणि कुणीही जाऊन उभं राहू शकतं. मात्र काकांच्या बाजूचंही सांगतो. आमच्या शहराच्या विधिमंडळाला प्रत्येकाला दहा मतं असतात, आणि अंतिम आकडे यायला दिवस लागतात.

निरेकाठ
मारकडवाडी आमच्याच माळशिरस तालुक्यात. तिथे २०२४ च्या विधानसभेनंतर यंत्रावर शंका घेतली ती जिंकलेल्या उमेदवाराच्या गटाने, गावात आपल्याला मतं कमी का पडली म्हणून. ३ डिसेंबर २०२४ ला गावकरी मतपत्रिकेवर मतदान घेणार होते. जमावबंदी लागली आणि ते रद्द झालं. पण गावाने कुणाला किती दिली हे गावाला कळलंच कसं? यंत्रामुळे केंद्रनिहाय आकडा उघडा पडतो. कागदाच्या काळात, आयोग सांगेल तिथे, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायचे. अनेक यंत्रांची एकत्र बेरीज करणाऱ्या टोटलायझरची शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली, ती तशीच पडून आहे. कमी मतं दिलेल्या वस्तीचा रस्ता पाच वर्षं होत नाही, हे खेड्यात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

निवृत्त लेखनिक
हे मात्र मान्य. मिसळून मोजायचो तेव्हा कुठली वस्ती फिरली हे आम्हालाही कळत नसे. पण मास्तर, सगळ्या चिठ्ठ्यांना माझा विरोध कायम. हजार चिठ्ठ्या मोजताना माणूस एक-दोनदा चुकणारच, आणि त्या चुकीला उद्या घोटाळा म्हणतील. मोजायच्याच तर यंत्राने मोजा. चिठ्ठ्या मोजणाऱ्या यंत्राचा आणि बारकोडचा विचार करा, असं कोर्टानेच आयोगाला सांगितलंय.

माळरानचा मास्तर
सोल्डरिंग यांचा फरकाचा नियम मला पटतो. 'सगळ्या' हा हट्ट सोडायला तयार आहे. ताई, प्रशिक्षणाबद्दल तुमचा शब्द न् शब्द खरा.

काका, यंत्राने मोजलेल्या मताची चिठ्ठी पुन्हा यंत्रानेच मोजायची, तर पारावर मी काय सांगू? आणि ही चर्चा लोकसभा-विधानसभेपुरती झाली. महापालिकेला बहुसदस्यीय प्रभागात मतदार चार-चार बटणं दाबतो आणि तिथे व्हीव्हीपॅट लावतच नाहीत. मागच्या ड्युटीला एक आजी बटणं दाबून कक्षाबाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या, "पडली का रे चारही?" बीप वाजला ना आजी, एवढंच मी म्हणू शकलो.