नवशिक्याला ८ इंची स्विमबेट? आधी त्याच्या हातातली दांडी तर बघा

भरतीसुकती
काल एका नव्या मुलाने विचारलं, गोव्यात चणक माशासाठी पहिला ल्यूर (खोटं आमिष) कोणता घेऊ? त्यावर एका जाणत्याचं उत्तर: 'छोटे ल्यूर म्हणजे वेळ फुकट. सरळ ८ इंची स्विमबेट घे, जमल्यास १० इंची ग्लाइड. मोठा ल्यूर, मोठा मासा.' (स्विमबेट म्हणजे पोहणाऱ्या माशासारखा ल्यूर, ग्लाइड म्हणजे डावी-उजवीकडे डुलणारा.) खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

'मोठा ल्यूर, मोठा मासा' हे कॅलिफोर्नियात बास मासा गरवणाऱ्यांचं. १९५९ साली सॅन दिएगोच्या बाजूला फ्लोरिडाचा बास आणून सोडला. तिथल्या जलाशयांत थंडीच्या दिवसांत गरवणाऱ्यांसाठी रेनबो ट्राउट ओततात. ते आयते गिळून बास फुगले. मग लोकांनी ट्राउटच्या मापाचे, ट्राउटच्या रंगाचे ल्यूर केले, आधी लाकडी, मग रबरी. हडलस्टनचा ८ इंची ट्राउट त्यातलाच. त्यांच्या पाण्यात त्यांचं बरोबर आहे. मांडवीत कोण ट्राउट सोडतोय?

आणि नवशिक्याकडे असतं काय? आठ फुटी दांडी, मुठीच्या वर '१५–४० ग्रॅम' (एवढ्याच वजनाचा ल्यूर फेकायचा) छापलेलं, ४००० मापाचं रील, ३० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा). तिच्यावर सव्वाशे ग्रॅमचं धूड बांधून जोर लावला की टोक जातं. टोक वाचलंच आणि मध्येच रीलची बेल (दोरा अडवणारी तार) मिटली, तर ब्रेड तुटते आणि सात-आठ हजारांचा ल्यूर एकटाच दिवाडी बेटावर उतरतो.

४–५ इंची पॅडलटेल (शेपूट हलणारा रबरी मासा), १५–२० ग्रॅमचं जिगहेड (वजन लावलेला हुक). पाण्याला ओढ जास्त असेल तर थोडं जड. बस्स. एक मोसम तेवढंच टाकू दे त्याला.

मोठ्ठंच_बरं
जाणता म्हणून टोमणा मारलात, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

शापोरा नदीत शेवटे मासे केवढे असतात, बघितलेत कधी? माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतचे. चणक तेच गिळतो. ऑस्ट्रेलियात मॉन्डुरान, अवूंगा या धरणांत ६ ते ८ इंची मऊ स्विमबेटवर बारामुंडी काढतात. बारामुंडी म्हणजे आपला चणकच ना? की त्याला पासपोर्ट लागतो?

तुमच्या ४ इंची शेपट्या कोण खातं ते मी सांगतो. केंड, तो फुगणारा मासा. दुसऱ्या कास्टला शेपूट गायब, तिसऱ्याला धड गायब. पाकीटभर रबर केंडांना चारून नवा मुलगा घरी जातो आणि दांडी विकायला काढतो. माझा भाचा असाच कंटाळला होता. त्याला ८ इंचीचा ल्यूर दिला, त्याच आठवड्यात पुलाच्या खांबाशी असा मासा लागला की दोघांनी मिळून वर घेतला. आता बोला.

भरतीसुकती
बोलतो. भाच्याला दांडी कुठली दिलीत ते सोयीस्कर विसरलात. तुमचीच ना, ती जाडी बेटकास्टिंगवाली?

मॉन्डुरानचं पाणी थांबलेलं. तिथल्या चणकांची पैदास धरणात होतच नाही, कारण अंडी घालायला त्यांना खारं पाणी लागतं. पिल्लं आणून सोडतात, ती तिथेच वाढतात. आपल्याकडे सहा तासांनी पाणी उलटं फिरतं. ग्लाइड बेटचं सगळं कौतुक डावी-उजवीकडे संथ डुलण्यात. सुकतीच्या ओढीत ते डुलत नाही, नुसतं वाहत जातं. त्यात गढूळ पाणी, दिसणार काय कपाळ? पॅडलटेलची शेपूट थडथडते, ती माशाला अंगावर कळते, दिसायची गरज नाही.

शिवाय बासच्या ल्यूरला आलेले हुक बदलले नाहीत तर चणक ते तारेसारखे सरळ करतो. ४० पौंडी लीडरही (हुकाजवळचा जाड दोरा) हवाच, त्याच्या गालफडाची कड ब्रेड सुरीसारखी कापते. हे 'मोठा ल्यूर घे' म्हणणाऱ्याने सांगायला नको?

अलिबागचा_वेर्ण्यात
दोघांचं ऐकून करमणूक झाली. आमच्याकडे तळ्यातला जिताडा (तुमचा चणकच) जिवंत कोळंबीवर येतो, हे इंचांचं भांडण नाही. पण एवढा मोठा मासा काढून तुम्ही सोडता की खाता? मोठा जिताडा मादी असतो. आधी नर, वाढल्यावर मादी. तीच मारली तर पुढे अंडी कोण देणार?

मोठ्ठंच_बरं
सोडायचा? मार्केटात चणकाच्या फोडीचा भाव विचारून या, मग ज्ञान द्या. आमच्या आईसमोर सोडून दाखवा.

जिगहेड_२०
नवीन मुलासाठी कामाचं सांगतो. ल्यूर कुठलाही घे, उभा कुठे राहतोस ते महत्त्वाचं. पाऊस उतरला की सुकतीला मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) तोंडाशी जा. आतलं पाणी बाहेर पडतं, बरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारके मासे, आणि चणक तिथे तोंड वासून असतो. ५ इंचीपेक्षा मोठं लागतच नाही. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला असशील तर पाण्यात पाय सोडून बसू नकोस, मगरी आहेत.

अडचण एकच, मानशीचा ठेकेदार. गेल्या मोसमात त्याच्या माणसांनी आम्हाला शिव्या घालून हाकललं. पाणी काय त्याच्या बापाचं?

पोंयकाठी
हे वाचून गप्प बसवेना. तुम्हाला शिव्या पडल्या त्याचं वाईट वाटलं. आमचं शेत गेलं, त्याचं कुणाला वाईट वाटलं?

मानस कशासाठी असते? भरती आली की झडपा आपोआप मिटाव्यात, सुकतीला उघडाव्यात, खारं पाणी शेतात येऊ नये. पावणीत, म्हणजे लिलावात, मासेमारी घेणारा माणूस रात्री भरतीला झडप मुद्दाम अडवून ठेवतो, मासे आत घेतो, सुकतीला तोंडावर जाळं लावतो. त्याला पावणीचे पैसे वसूल करायचे. खारं पाणी आमच्या कुणग्यात. कोरगुट भात मीठ सोसतो म्हणतात, पण सोसणार किती? एकदा जमीन खारावली की दोन-तीन पावसाळे धुऊन काढावी लागते. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) म्हणून भाषणं होतात. त्यातल्या किती जमिनीत भात आणि किती जमिनीत नुसतं पाणी, एकदा फिरून बघा.

जिगहेड_२०
मग आम्ही तुमच्याच बाजूचे झालो ना? ठेकेदार दोघांचाही वैरी.

पोंयकाठी
अजिबात नाही. तुम्ही बांधावर गाड्या आणता. बांध चिखलाचा आहे, जॉगिंग ट्रॅक नाही. गरवायला येणाऱ्यांनी वाट पाडली, तिथूनच पाणी झिरपायला लागलं. वर बिअरच्या बाटल्या आणि तुटलेली ब्रेड. माझ्या म्हशीच्या पायात अडकली होती ती.

झडप_उघडा
माझे काका पावणी घेतात, म्हणून बोलतोय. सगळे ठेकेदार एका मापाने मोजू नका. झडपेची फळी कुजली तर बदलायला शेतकरी संघटना येत नाही, काकांनी पदरचे घातलेत. आणि शेतकरी म्हणता ते निम्मे शेती करतात कुठे? जमीन पडीक टाकून पावणीतला वाटा मात्र वेळेवर मागतात.

पोंयकाठी
पडीक का पडली ते वर लिहिलंय. वाचता येत असेल तर वाचा.

भरतीसुकती
अहो, धागा ल्यूरचा होता! मानशीसाठी वेगळा काढा ना.

पोंयकाठी
तुमच्या सगळ्या ल्यूरांचे मासे आमच्या खाजनात वाढतात. वेगळा कशाला?

मोठ्ठंच_बरं
हे मात्र लाख बोललात. भरतीसुकतींना आज पहिल्यांदा कुणीतरी गप्प केलं.

मूळ मुद्द्यावर: दांडी ४० ग्रॅमची असेल तर ८ इंची टाकू नये, मान्य. हे मी लिहायची गरज नव्हती, अक्कल असणाऱ्याला कळतं. ६ इंची मऊ घ्या, एक औंसाच्या आसपासचा. तेवढा चाळीसवाली दांडी फेकते. ४ इंची मी कुणाला सांगणार नाही, केंडांची खानावळ चालवायची नाही मला.

भरतीसुकती
८ वरून ६ वर आलात. अजून दोन दिवस थांबलो तर ५ वर याल. बरं, ६ चालेल, पण हुक जाडे लावून. आणि डिसेंबरनंतर पाणी निवळलं, भांगाची (कमी जोराची) भरती असली, ओढ कमी असली, तर ग्लाइडही टाकून बघा म्हणेन. नवशिक्याने नव्हे. तुम्ही.

नवा_गळ
मीच तो विचारणारा. सगळं वाचलं. माझ्या दांडीवर ७–२८ ग्रॅम लिहिलंय. मग?

जिगहेड_२०
मग ६ इंचीचाही विचार सोड. ४ इंची, १४ ग्रॅम जिगहेड. केंड शेपूट तोडणारच, दोन पाकिटं घे. तांबोशी मासा लागला तर खारफुटीच्या मुळांत शिरू देऊ नकोस, कालवांवर ब्रेड एका घासणीत जाते.

पोंयकाठी
आणि बांधावर चालत ये. स्कूटर रस्त्यावर.